पाण्यावरच्या दोन रात्री

वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी पाहिलेली आम्ही सोलापूरची माणसं. पाण्यावर झोपायला जायचं ही कल्पना आमची असणं शक्यच नव्हतं. ती मुलाची. तो दिल्लीजवळ नोकरीला आहे आणि ऑक्टोबर 2025 मध्ये आम्ही नवरा-बायको पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "अब्बा, शुक्रवारी सकाळी निघा, रविवारी परत या. दीड तासाचं विमान आहे. हाऊसबोटी रिकाम्या पडल्यात. झोपायची सोय, सकाळची न्याहारी, रात्रीचं जेवण, सगळं मिळून साडेतीन हजारांत द्यायला तयार आहेत."

हाऊसबोटी रिकाम्या का पडल्या होत्या, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात 26 माणसं मारली गेली. नावं विचारून, धर्म विचारून मारलं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा होते. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचा एक. घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह पर्यटकांना वाचवायला गेला, तोही गेला. त्यानंतर काश्मीरला कोण जाणार?

जायचं ठरलं तेव्हा आम्ही सोलापूरच्या शेजाऱ्यांना फोन केला, झाडांना पाणी घाला म्हणून सांगायला. वीस वर्षांचा शेजार आहे. दिवाळीचा फराळ इकडं येतो, शीरखुर्मा तिकडं जातो. ते म्हणाले, "काश्मीरला? आत्ता?" मग स्वतःच हसून म्हणाले, "तुम्हांला काय म्हणा! नाव ऐकलं की सोडून देतील." आम्हीही हसलो. फोन ठेवायचा होता.

श्रीनगरला उतरल्यावर पहिल्यांदा कळलं ते हे की आमचा फोन बंद पडला आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड तिथं चालत नाही. एका अर्थी बरंच झालं. विमानतळाबाहेर आमच्या नावाचा कागद धरून एक पोरगा उभा होता, हाऊसबोटवाल्यांचा नातू. त्यानं दल सरोवराच्या गजबजाटातून गाडी पुढं काढली आणि निगीनच्या काठाला आणली. निगीन म्हणजे दलचंच एक धाकटं अंग, पुलाखालून त्याला जोडलेलं. काठानं वेळूसारखी सरळ पॉप्लरची झाडं, मागं हरी पर्वताचा किल्ला. पाणी इतकं स्तब्ध की शिकारा पुढं गेला तरी मागची झाडं पाण्यात हललीच नाहीत.

हाऊसबोट म्हणजे तरंगतं घर, असं आम्ही धरून चाललो होतो. तरंगते हे खरं, पण जात कुठंच नाही. काठाला दोरांनी आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेली असते. पुढं कोरीव कठड्याची ओसरी, मग बैठकीची खोली, मग जेवणाची, मग ओळीनं तीन झोपायच्या खोल्या. सगळं देवदाराचं. छत खतमबंदचं, म्हणजे लाकडाचे लहान लहान तुकडे खिळा न मारता एकमेकांत अडकवून केलेलं. आमच्या पत्नीनं उशीवर डोकं टेकून ते तुकडे मोजायचा प्रयत्न केला आणि दोनशेच्या पुढं नाद सोडला. मालकाचं बिऱ्हाड मागच्या डोंग्यात, साध्या चटयांच्या छपराच्या बोटीत. झुंबर आणि गालिचे पाहुण्यांना. चूल, पोरं आणि धूर मागं.

ही घरं पाण्यावर का आली, त्याचं कारण जमिनीत आहे. डोगरा महाराजांच्या काळात बाहेरच्या माणसाला काश्मिरात जमीन घेता येत नसे. उन्हाळ्याला कंटाळून आलेल्या इंग्रजांनी मग जमिनीचा नाद सोडून पाण्यावर घरं बांधून घेतली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बांधणारे, वल्हवणारे आणि आत भांडी घासणारे सगळे हांजी, म्हणजे पाण्यावरच राहणारी जमात. हे लोक आपल्याला हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या वंशातले म्हणवतात, अशी नोंद वॉल्टर लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1895 च्या आपल्या पुस्तकात केली आहे. इंग्रज गेले, बोटींना त्यांनी दिलेली नावं राहिली. आमच्या शेजारच्या बोटीचं नाव विलायतेतल्या एका राजवाड्याचं होतं आणि तिच्या ओसरीत बदकं बसली होती.

मालक सत्तरीच्या आसपासचे. हज करून आलेले, म्हणून सगळे हाजीसाहेबच म्हणत. अंगात फिरन, आत कांगडी. आम्ही बसल्यावर त्यांनी समोवारातून कहवा ओतायला घेतला आणि विचारलं, "कहां से तशरीफ लाए?"

"महाराष्ट्र. सोलापूर."

त्यांचा हात थांबला. समोवार खाली ठेवला. मग आमच्याकडं न बघता, कपाकडं बघत म्हणाले, "आपके छह लोग चले गए हमारे यहां से. हम शर्मिंदा हैं."

काय बोलावं ते सुचेना. एप्रिलपासून सोलापुरात आम्ही नेमकं हेच करत होतो. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सर, तुम्ही अजून निषेध केला नाही." आम्ही केला. दुसऱ्याला तो त्रोटक वाटला, म्हणून पुन्हा सविस्तर केला. 25 एप्रिलला आमच्या मशिदीत दंडाला काळ्या फिती बांधून जुम्म्याची नमाज झाली. त्याचा फोटोही आम्ही ग्रुपवर टाकला. टाकताना लाज वाटली, पण टाकला. दुःख झालं नव्हतं असं नाही. डोंबिवलीत आमची मावसबहीण राहते, त्या दिवशी पहिला फोन तिला केला होता. पण दुःखाची पावती फाडून द्यावी लागली की त्याचं काय होतं, हे ज्यानं फाडली आहे त्यालाच कळतं. आणि आता इथं, पाण्याच्या मधोमध, एक काश्मिरी म्हातारा आमच्यासमोर मान खाली घालून बसला होता, कारण त्याच्या दृष्टीनं आम्ही मराठी होतो. मेलेल्यांच्या घरचे होतो. सहा महिन्यांत आम्हांला असं कुणी समजलं नव्हतं.

पत्नी म्हणाली, "ऐसा नक्को बोलो चाचा. वो आदिल बी तो आपकाच था."

'नक्को' ऐकून नातू फिसकन हसला आणि हाजीसाहेबांनी पुन्हा समोवार उचलला.

दुपारी जुम्म्याला हजरतबलला गेलो. निगीनहून रिक्षानं दहा मिनिटं. वाटेत एका ठिकाणी जवानानं रिक्षा थांबवली. आमची दाढी, डोक्यावर टोपी. आम्ही स्थानिकच असणार या हिशेबानं त्यानं दरडावून ओळखपत्र मागितलं. आधार कार्डावर सोलापूर वाचलं आणि त्याचा चेहराच बदलला. "काका, सोलापूर? मी साताऱ्याचा. मग मराठी बोला की!" मराठीत दोन मिनिटं बोललो. पाऊसपाणी, उसाचा भाव. निघताना त्यानं जपून राहायला सांगितलं. कुणापासून ते सांगितलं नाही. रिक्षावाला पुढं बसून सगळं ऐकत होता.

हजरतबलची पांढरी इमारत फोटोत आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. आजची ही वास्तू 1968 ते 1979 या काळात शेख अब्दुल्लांच्या पुढाकारानं उभी राहिली. आत प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचा मू-ए-मुकद्दस आहे. त्याचं दर्शन ठरावीक दिवशीच होतं, त्यामुळं आम्हांला झालं नाही. 27 डिसेंबर 1963 ला तो नाहीसा झाला आणि 4 जानेवारी 1964 ला परत मिळाला. त्या आठवड्यात सारं श्रीनगर थंडीत रस्त्यावर होतं, आणि हाजीसाहेबांना वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्याचं अंधुक आठवतं. पण आम्हांला तिथं बसल्यावर सुचत होतं ते वेगळंच. परंपरा अशी सांगते की हा पवित्र केस मदिनेहून आधी विजापूरला आला, आदिलशाहीत. तिथून तो एका काश्मिरी व्यापाऱ्याच्या हाती गेला, औरंगजेबानं ताब्यात घेऊन अजमेरला पाठवला आणि मग 1700 च्या सुमारास काश्मिरात पोचला. विजापूर आमच्यापासून शंभर किलोमीटर. तिथल्या आसार महालात लहानपणी अब्बांचं बोट धरून कितीदा गेलो आहोत. जुम्मा झाल्यावर हे हाजीसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अच्छा, तो आप वहां के हैं!" आणि त्यांनी वाटेत तिघा-चौघांना थांबवून ती ओळख करून दिली. दिवसभरात आमची ओळख तीनदा बदलली होती, ही चौथी. खोटं कशाला बोला, चारींत हीच जास्त सुखावून गेली.

शनिवारी मुघल बागा पाहिल्या. त्या छान आहेत, त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे. त्याऐवजी पहाटेविषयी सांगतो. फजरची अजान एका काठावरून सुरू झाली की दुसरा काठ ती उचलतो. नमाजीनंतर तिथल्या मशिदींत औराद-ए-फतहिया मोठ्यानं, एका सुरात म्हणतात. मीर सय्यद अली हमदानींनी शिकवलेली रीत. ती सामुदायिक लय पाण्यावरून येते तेव्हा कुठून येते ते कळत नाही. ओसरीत आम्ही दोघं गोधडीसारखी सोलापुरी चादर पांघरून बसलो होतो. चादर हाजीसाहेबांना द्यायला म्हणून नेली होती, पण थंडीनं आधी आमच्या अंगावर आली. मग नून चाय आली, गुलाबी आणि खारट, बरोबर तंदुरातला गिर्दा. खारट चहा पहिल्या घोटाला घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीनं मागून घेतला.

समोरून भाजीच्या नावा जात होत्या. दलमधली भाजी तरंगत्या बागांत पिकते. पाणवनस्पती आणि बोरू एकमेकांत विणून, वर चिखल टाकून केलेले वाफे. ते ओढत दुसरीकडं नेता येतात, त्यामुळं तिथं शेत चोरीला जातं! बांधावरून भावाभावांत कोर्टात गेलेली आपल्याकडची घराणी आठवून आम्ही खूप हसलो. हाजीसाहेब हसले नाहीत. त्यांच्या आजोबांचा वाफा असाच गेला होता.

शनिवारी रात्री हाख आणि नदरूची भाजी, भात, रोगनजोश. आम्ही आणलेली शेंगाचटणी हाजीसाहेबांनी भातावर घेतली आणि घामाघूम होऊन पुन्हा घेतली. जेवण झाल्यावर ते मागच्या डोंग्यातून एक गाठोडं घेऊन आले. आत चार जाड वह्या. पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या. पहिली त्यांच्या वडिलांच्या वेळची.

"इंग्रेजी, उर्दू पढ़ लेते हैं," ते म्हणाले. "ये हिंदी जैसी है मगर हिंदी वाले भी अटक जाते हैं. ये आपकी है ना?"

मराठीच होती. पानंच्या पानं.

"पहले किसी से नहीं पढ़वाया?"

"मेहमान से कैसे कहें कि दूसरे मेहमान का लिखा पढ़ो? आप तो घर के हैं."

कांगडी मध्ये ठेवून आम्ही वाचायला बसलो. एकेक मजकूर मराठीत वाचायचा आणि आमच्या दखनी उर्दूत सांगायचा. मागच्या दाराशी त्यांची बायको, सून, नातू येऊन बसले. 1986 च्या मे महिन्यातले ठाण्याचे कुणी बँकवाले लिहितात की अंघोळीचं पाणी बंबाचं असलं तरी वेळेवर मिळतं, मात्र डास आहेत. 1988 च्या श्रावणात अमरनाथहून आलेली नाशिकची मंडळी. त्यांचं सोवळं कडक, तर हाजीसाहेबांच्या वडिलांनी बाजारातून नवी भांडी आणून दिली आणि चूल वेगळी मांडून दिली. "वो पतीला अभी भी है," सासू सुनेला म्हणाली. नंतर 1989 चा ऑक्टोबर, आणि त्याच्या पुढच्याच पानावर 2004. मध्ये काही नाही. एक कोरं पानसुद्धा नाही, कारण वह्या महाग होत्या आणि त्यांनी तिथूनच पुढं लिहायला दिलं होतं. या पंधरा वर्षांत काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दूसरी एक बोट थी. उसकी लकड़ी बेची. नाव में सब्जी बेची."

2011 मधल्या कोल्हापूरच्या एका मुलीनं नातवाबरोबर खेळलेल्या कॅरमचा हिशेब लिहून ठेवला होता, अकरापैकी नऊ डाव तिचे. नातू आता बावीस वर्षांचा आहे. त्यानं हिशेब चुकीचा असल्याचं सांगितलं. 2 ऑगस्ट 2019 ची एक अर्धवट नोंद होती. त्या दिवशी सरकारनं यात्रेकरू-पर्यटकांना परत जायला सांगितलं होतं. "उद्या गुलमर्ग होतं. आता सामान भरतोय," एवढंच. आणि शेवटची मराठी नोंद 20 एप्रिल 2025 ची, एका मोठ्या कुटुंबाची. उद्या पहलगामला जाणार असल्याचं तीत लिहिलेलं होतं. आम्ही वाचता वाचता थांबलो. हाजीसाहेब घाईनं म्हणाले, "नहीं नहीं, खैरियत से हैं. दो दिन फोन नहीं लगा, हमने खाना नहीं खाया. तीसरे दिन उन्होंने ही किया."

या सगळ्यांत 2018 ची एक नोंद होती, दीड पानांची, सुंदर वळणदार अक्षरातली. एका बाईंची. त्यांची आई रात्री दोन वाजता अत्यवस्थ झाली. हाजीसाहेबांनी त्यांना पाठीवर घेऊन शिकाऱ्यात ठेवलं, मुलानं वल्हं मारलं, काठावर गाडी मिळवली, इस्पितळात सकाळपर्यंत घरातली सगळी माणसं बसून राहिली. बाईंनी कुठली गोष्ट सोडली नव्हती. सुनेनं आईच्या पायांना चोळलेलं तेलसुद्धा लिहिलं होतं. वाचताना आमचाही आवाज भरून आला. शेवटचं वाक्य असं होतं: 'ही माणसं मुसलमान असूनही देवासारखी वागली.'

आम्ही ते मनातच वाचलं. मग म्हणालो, "लिखा है, आप लोग फरिश्तों के जैसा पेश आए."

पत्नीला मराठी आमच्याइतकीच येते आणि ती खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "पूरा बोलो ना. इत्ता क्या छुपाना?"

"क्या है?" हाजीसाहेबांनी विचारलं.

आम्ही गप्प. शेवटी तिनंच सांगितलं, "लिखी है के मुसलमान होके बी फरिश्तों के जैसे."

डोंग्याच्या दाराशी कुणी हललं नाही. हाजीसाहेबांनी वही जवळ ओढली. "कौन सा लफ्ज है वो, 'होके भी'?" आम्ही बोट ठेवून दाखवलं. "असूनही." त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, 'नही' वर जोर देऊन, जणू आत उर्दूतलं 'नहीं' आहे. मग म्हणाले, "बीबी उस रात बहुत रोई थीं. अच्छी बीबी थीं." आणि पान उलटलं.

आम्ही मात्र त्या पानावरच राहिलो. तीस वर्षं आम्ही माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. 'ऊन' प्रत्यय, त्याला 'ही' लागला की अर्थ कसा उलटतो, अपेक्षा एक आणि घडतं भलतंच, हे दर वर्षी नववीला फळ्यावर लिहून समजावलं. आणि उदाहरण कोणतं द्यायचो? 'गरीब असूनही प्रामाणिक.' तीस वर्षं. बाकांवर बसलेल्यांत निम्मी पोरं विडी कामगारांची, यंत्रमाग कामगारांची. ती वहीत उतरवून घ्यायची. एकानंही कधी हात वर केला नाही, आणि आमच्याही डोक्यात कधी आलं नाही की आपण त्यांना काय सांगतो आहोत. त्या बाईंवर चिडायचं तर कोणत्या तोंडानं? त्यांनी शाळेत शिकलेलं वाक्य वापरलं होतं. नामं बदलली, एवढंच.

आणि तरीही रात्री झोप लागली नाही, हेही खरं. खतमबंदचं छत मोजत पडलो. पत्नी अंधारात म्हणाली, "त्यांना सांगायला नको होतं का?" आम्ही म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "आपल्याला रोज कळतं, तर त्यांना कळलं म्हणून काय झालं?" थोड्या वेळानं तिचं घोरणं सुरू झालं.

रविवारी सकाळी निघायची तयारी. शेजाऱ्यांसाठी अर्धा किलो अक्रोड घेतले होते, ते पिशवीत सापडत नव्हते, त्यावरून आमची थोडी बाचाबाची झाली. अक्रोड सापडले. हाजीसाहेब वही घेऊन आले. "लिखिए. मराठी में."

आम्ही लिहायला बसलो. जेवणाचं लिहिलं. पहाटेचं लिहिलं. गिझरचं पाणी कोमट येतं, तेही लिहिलं. खोटी स्तुती काय कामाची. नातवाला कॅरममध्ये आम्ही हरवलं, हे पत्नीनं लिहायला लावलं. मग एका जागी पेन अडलं. 'थंडी असूनही' एवढं हाताशी आलं होतं आणि पुढं उमटेना. पत्नीनं वाकून पाहिलं आणि हसायला लागली. "लिहा की. थंडीला कसला राग येतोय?"

लिहिलं. खाली तारीख, नाव, गाव टाकलं. हाजीसाहेबांनी चष्मा लावून पान निरखलं. ओळींवरून बोट फिरवत गेले आणि बरोबर त्या शब्दावर थांबले.

"ये वही है ना?"

"हौ. वही."

"किसके लिए?"

"सर्दी के लिए."

त्यांनी वहीवर फुंकर मारली, शाई वाळू दिली आणि नातवाला शिकारा पुढं घ्यायला हाक मारली.